विरजणाची किटली

१

किटली फळीवर उपडी होती. धुतलेली, पुसलेली, लख्ख. आणि तिच्यासमोर ओल्या फरशीवर चिमणाबाई फतकल मारून बसल्या होत्या.

“गेलं की ओ मॅडम,” त्या म्हणाल्या. “माझं विरजण गेलं.”

स्वप्नाली दाराशीच थांबली. रात्रभर मोनाच्या कपाळावर पाण्याच्या पट्ट्या बदलून तिचे डोळे असे झाले होते, की सगळं पातळ मलमलीआडून दिसत होतं. खोलीत वाफ तरंगत होती. आठ महिन्यांच्या मोनाच्या अंगाला येतो तसा दुधाचा कोमट वास इथंही होता. आपण कामावर आलोय की अजून घरी पाळण्याशीच आहोत, हे तिला क्षणभर उमगेना.

उचगावची ही डेअरी लहान होती, पण तिचं दही कोल्हापूरभर जायचं. एकोणीस वर्षांपूर्वी चिमणाबाई शाहूवाडीकडच्या माहेराहून मातीच्या लोटक्यात चमचाभर विरजण घेऊन आल्या होत्या. कालच्यातलं चमचाभर आजच्या दुधात, आजच्यातलं उद्याच्या. असं ते एकोणीस वर्षं जिवंत राहिलं होतं. स्वप्नाली डेअरीची प्रयोगशाळा सांभाळायची, सूक्ष्मजीवशास्त्रात बी. एस्सी. झालेली. थोडं विरजण फ्रीजरमध्ये जपून ठेवायचं असं ती बाळंतपणाच्या रजेवर जाण्याआधीपासून म्हणत होती. म्हणतच राहिली होती.

“आणि ते काय?” तिनं विचारलं.

किटलीशेजारी एक लहान पातेलं होतं. चिमणाबाईंनी तिकडं बघितलंसुद्धा नाही, नुसतं बोट केलं. “बघा तुमीच. मी हात लावायची न्हाय.”

स्वप्नालीनं झाकण उचललं. आत नुकतंच लागलेलं, थोडं पिवळसर दही. मधोमध नारळाच्या करवंटीचा तुकडा रुतलेला, आणि त्याच्या कडेला लाल कुंकू.

“करणी हाय ही,” चिमणाबाई म्हणाल्या. “आणि केली कुणी, ते समद्या डेअरीला ठावं हाय.”

“मलाही ठाऊक आहे,” मागून आवाज आला. मॅनेजर विश्वजित दारात उभे होते. “काल दुपारपासून या खोलीत एकच बाई होती.”

२

ऑफिसच्या भिंतीवरच्या फोटोत दुपारच्या पाळीची पद्मावती हसत होती. हातात हीच किटली, गळ्यात हार, वर कागदी पताका. जिल्ह्याच्या प्रदर्शनात डेअरीच्या दह्याला पहिलं बक्षीस मिळालं त्या दिवशीचा फोटो. त्याच फोटोखाली खरी पद्मावती, आज सकाळीच बोलावून आणलेली, मान खाली घालून उभी होती, आणि तिच्या तोंडातून एक शब्द निघत नव्हता.

“विरजण तुम्ही ओतलं?” विश्वजितनी विचारलं. “करवंटी तुम्ही घातली? अहो, निदान मान तरी हलवा!”

पद्मावतीनं हात जोडले. मग ओठांवर बोट ठेवलं आणि घड्याळाकडं बघितलं.

“मौन आहे त्यांचं,” स्वप्नाली म्हणाली. “जैनांचं पर्व चालू आहे ना, दशलक्षण. या दहा दिवसांत सकाळी पूजेनंतर बारापर्यंत त्या बोलत नाहीत. रोज दोनला येतात, म्हणून आपल्याला कळत नाही.”

“बरं जमलंय की मौन!” विश्वजित खुर्चीत टेकले. “हे बघा मॅडम, तीन वाजता चेअरमन येतायत. दोनपर्यंत मला अहवाल पाहिजे. चार ओळी पुरेत, पण त्यात एक नाव पाहिजे. त्या माणसाचा आज डेअरीतला शेवटचा दिवस.”

पद्मावतीनं डोळे मिटले. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी गेला होता. मुलगा गडहिंग्लजला वसतिगृहात राहून शिकत होता. हे सगळ्यांना माहीत होतं.

भांडण या फोटोवरूनच झालं होतं. बक्षिसाच्या दिवशी चिमणाबाई कामावर होत्या म्हणून विश्वजितनी पद्मावतीला स्टेजवर पाठवलं. दुसऱ्या दिवशी पेपरात नाव आलं ते एकटीचं. ‘एकोणीस वर्सं मी जोपासलं, आणि फोटू हिचा व्हय?’ असं म्हणून चिमणाबाईंनी जे बोलणं टाकलं, ते टाकलंच.

“भांडण तर मी कधीच मिटवलंय,” विश्वजित म्हणाले. “आधी पाळी बदलताना दोघी पंधरा मिनिटं एकत्र चहा घ्यायच्या. ती पंधरा मिनिटंच काढून टाकली. एक दोनला जाणार, दुसरी दोनला येणार. तोंडाला तोंड नको. दोन महिने झाले, आवाज नाही खोलीत!”

ते ऐकताना स्वप्नालीला घर आठवलं. मोना रडत असते तोवर आपण स्वयंपाकघरात निवांत असतो. रडणं एकदम थांबलं, की हातातलं टाकून धावतो.

“मग एकमेकींना निरोप कसे देतात त्या?” तिनं विचारलं.

“सम्राट आहे की मध्ये. दहा ते सहा. हिचं तिला, तिचं हिला. त्यालाच बोलावलंय. कालचं सगळं त्यानं बघितलंच असणार.”

३

सम्राट पाश्चरायझर चालवायचा. पन्नाशीचा गडी, मिशा अशा की मशिनीलाही धाक वाटावा. पण आज गेटवरूनच थेट ऑफिसात बोलावलेला तो खुर्चीच्या कडेला टेकून बसला होता आणि उघड्या डोक्यावरून सारखा हात फिरवत होता.

“सम्राटदादा, काल तुम्ही होता ना?”

“म्हंजे काय! दहाला आलतो, सहाला गेलो. रविवारी बारानंतर मशीन बंद असती. पर माणूस पायजेच की जाग्यावर.”

“चिमणामावशींनी जाताना काही निरोप दिला?”

“न्हाय.”

“पद्माताईंनी?”

“त्या कशाला देत्यात? गप बाई हाय ती. हिकडं चिमणाबाई म्हंजे एफएम रेडिओ, आणि तिकडं पद्माताई म्हंजे बंद पडलेलं घड्याळ. दोन महिनं झालं मॅडम, ह्या दोघींच्या मदी माजा पार टेलिफोनचा खांब झालाय!”

स्वप्नाली हसली. हसता हसता तिची नजर त्याच्या कानामागं गेली. तिथं, केसांच्या मुळांशी, गुलाबी रंग होता. काल गौरी-गणपतीचं विसर्जन होतं. अर्ध्या जिल्ह्याच्या कानामागं आज गुलाल असेल. त्यात विशेष काही नव्हतं.

“विसर्जनाला गेलता?”

“संध्याकाळी. हितनं सहाला सुटलो ते थेट पंचगंगेवर.”

“असेच? घरी न जाता?”

“असाच की.”

“मग तुमची टोपी?”

सम्राटची पांढरी टोपी डेअरीत प्रसिद्ध होती. जेवताना नाही, पाऊस पडताना नाही, ती कधी उतरायची नाही. उतरलीच तर पाश्चरायझरच्या खोलीबाहेरच्या खुंटीला लटकायची आणि तो आसपासच आहे असं सगळे समजायचे.

“टोपीबिगर मी गेटच्या भायेर पाय टाकत न्हाय,” तो ठसक्यात म्हणाला. “घालूनच गेलतो.”

“आणि आत्ता कुठं आहे?”

सम्राटचा हात डोक्यावर गेला आणि तिथंच राहिला.

४

टोपी खुंटीवर होती. कॉरिडॉरच्या टोकाला, वाफेत, एखादं पांढरं पाखरू भिंतीला चिकटून झोपावं तशी.

स्वप्नाली तिच्यासमोर उभी राहिली. मघापासून ती एकच विचार करत होती. त्या पातेल्यातलं दही पिवळसर का होतं? पिवळसर म्हणजे गाईचं दूध, म्हणजे एक नंबरची टाकी. विरजण मात्र नेहमी म्हशीच्या दुधाचं लागायचं, दोन नंबरच्या टाकीतलं. पद्माताईंचा हात झोपेतही दोन नंबरच्याच नळाकडं गेला असता. नासवायचं असतं तर कुठलंही दूध चाललं असतं. मुद्दाम वेगळी टाकी कोण निवडेल? दोन नंबरवरचा विश्वास उडालेलं माणूस.

आणि कुंकू? ती आरतीच्या जागेपाशी गेली. डेअरीच्या गणपतीपुढं ताट होतं, त्यात काल सकाळी फोडलेल्या नारळाची एकच करवंटी. दुसरी नव्हती. करणी करणारी बाई देवापुढची करवंटी उचलायची नाही.

ती परत आली. टोपीला बोटभरही गुलाल नव्हता. ती घालून सम्राट विसर्जनाला गेला असता, तर टोपी आज गुलाबी झाली असती. टोपी कालपासून इथून हललीच नव्हती.

तिनं ती खुंटीवरून काढली. आतून घडी घातलेला कागद खाली पडला.

‘सम्राटभाऊ, चिमणाताईंना सांगा, विरजण लागलं नाही. पाच तास झाले, दूध तसंच आहे. दोन नंबरच्या दुधाला काहीतरी झालंय. किटली धुऊन ठेवली. एक नंबरचं दूध करवंटीवर लावून बघितलंय, आमच्यात सोवळ्यात विरजणाशिवाय असंच लावतात. सकाळी मॅडमना दाखवा. ताईंना म्हणावं, मला वाईट वाटतं. पद्मा.’

दोन नंबरच्या दुधाला काहीतरी झालंय.

स्वप्नालीनं ती ओळ पुन्हा वाचली. रविवारची दुपार तिला आठवत होती ती फक्त थर्मामीटरच्या आकड्यांतून. शंभर पॉइंट चार. एकशे एक. आक्कांचा, म्हणजे सासूबाईंचा फोन. एकशे एक पॉइंट दोन. पण त्या आकड्यांच्या मागं, धुक्यात, अजून काहीतरी उभं होतं. तिनं ॲप्रनच्या खिशातली वही काढली आणि रविवारचं पान उघडलं.

तिचंच अक्षर होतं.

‘टाकी दोन. पट्टीची चाचणी. औषधाचा अंश आहे. दूध सोमवारी परत.’

५

आजारी म्हशीला दिलेलं औषध दुधात उतरतं आणि त्या दुधात विरजण मरतं. हे डेअरीतल्या कुणालाही विचारा. काल दुपारी चाचणी केली ती स्वप्नालीनं. फळ्यावर लिहायला गेली तर मार्कर सुकलेला. नवा आणायला स्टोअरमध्ये जावं लागलं असतं, आणि हातातला फोन वाजत होता. मग तिनं चिमणाबाईंना सांगितलं, “मावशी, दोन नंबरचं विरजणाला घेऊ नका, दुपारच्या पाळीला सांगा.” आणि ती पळाली. दोघी बोलत नाहीत हे माहीत असून.

ती प्रयोगशाळेत स्टुलावर बसली. खिडकीबाहेर गाई-म्हशींच्या दुधाचे कॅन उतरत होते, त्यांचा आवाज लांबून, पाण्याखालून यावा तसा येत होता. चिठ्ठी वहीत ठेवली आणि वही खिशात, तर कुणाला कळणार होतं? नोकरीवर परत येऊन तिला अकरा दिवस झाले होते. ‘लहान मूल आहे, जमणार आहे का?’ असं विश्वजितनी दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा तिनं हसून हो म्हटलं होतं.

बारा वाजले.

पद्मावती दारात उभी होती. सकाळपासून गिळलेलं सगळं तिच्या चेहऱ्यावर साचलं होतं.

“मॅडम, चिठ्ठी मिळाली का?” तिचा पहिला शब्द तोच होता.

“मिळाली. टोपीत.”

“सहा वाजून गेलते, तरी टोपी हुती की. मी समजले, सम्राटभाऊ हायेत कुठंतरी.” ती स्टुलाला धरून उभी राहिली. “मला काढणार हायेत न्हवं? पोराची परीक्षा हाय हो दिवाळीआधी. एवढं वर्स तरी…”

“पद्माताई, एक विचारू? त्या दिवशी स्टेजवर नेमकं काय झालं?”

पद्मावतीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

“माइकवर ताईंचंच नाव घेतलं मी. ‘हे चिमणाताईंचं हाय, मी नुसती धरून उभी हाय,’ असं म्हटलं. पेपरवाल्यानं फोटोतली बाई छापली. आता हे सांगायला गेले असते, तर सारवासारव करतीया असंच वाटलं असतं. म्हणून न्हाय सांगितलं.”

दाराबाहेर बांगड्या वाजल्या आणि लगेच थांबल्या. कुणीतरी तिथं उभं होतं.

स्वप्नालीनं वही आणि टोपी उचलली. “चला,” ती म्हणाली. “ऑफिसात. मावशी, तुम्हीपण या. लपताय कशाला?”

६

“नाव लिहिलंत?” विश्वजितनी विचारलं.

“लिहिलंय. पण आधी सम्राटदादांना एक सांगू द्या. दादा, काल तुम्ही कुठं होता?”

सम्राटनं विश्वजितकडं बघितलं, मग टेबलावर ठेवलेल्या टोपीकडं, आणि त्याच्या मिशाच खाली आल्या. “गडहिंग्लजला, बहिणीकडं. तिच्या घरचा गणपती हुता सर. साडेबाराच्या एस्टीनं गेलतो. टोपी ठिवली खुंटीला… म्हटलं मशीन बंदच हाय, कोण इचारतंय.”

“आणि मावशी, तुम्हाला मी काल काय सांगितलं?”

चिमणाबाईंनी पदर दातात धरला होता. “दोन नंबरचं घ्यायचं न्हाय म्हणून. आणि मी सांगितलं की! माज्या घरी गौरी खोळंबल्या हुत्या, तरी जाता जाता सांगितलं. कॅरिडॉरमधनं वरडले, सम्राट, तुज्या त्या ताईला सांग, दोन नंबरला हात लावायचा न्हाय!”

“सम्राटदादांनी काय उत्तर दिलं?”

“उत्तर…” चिमणाबाई थांबल्या. त्यांचे डोळे हळूहळू टोपीकडं वळले. “टोपी दिसली मला. मागनं.”

“टोपीला सांगितलंत तुम्ही, मावशी.”

सम्राटला हसू येत होतं, पण त्यानं ते मिशांत दाबलं.

“दुपारी तुमचा निरोप टोपीपाशी राहिला,” स्वप्नाली म्हणाली. “पद्माताईंनी नेहमीसारखं दोन नंबरचं दूध घेतलं. विरजण लागलं नाही. त्यांनी टाकी बदलून, देवापुढची करवंटी घेऊन दही लागतंय का बघितलं आणि चिठ्ठी लिहून ठेवली. तीही टोपीतच राहिली. करणी कुणी केली नाही. ओतलंही कुणी नाही. जे मेलेलंच होतं, ते धुतलं फक्त.”

“म्हणजे चूक शेवटी पद्मावतीचीच,” विश्वजित म्हणाले. “न विचारता दूध घातलं. चेअरमनना मी तेच…”

“कुणाला विचारणार होत्या? विचारायची ती पंधरा मिनिटं तुम्ही काढून टाकलीत, सर. त्या चहात फोटोवरून दोन शिव्या दिल्या असत्या एकमेकींना, पण टाकीचा नंबरही सांगितला असता.” तिनं अहवालाचा कागद पुढं सरकवला. “नाव वाचा.”

विश्वजितनी वाचलं. पुन्हा वाचलं.

“हे तुमचं आहे.”

“दूध खराब आहे हे फळ्यावर लिहून ठेवायचं काम माझं. मी नाही लिहिलं. घरी तापानं फणफणलेलं बाळ होतं, हे कारण आहे, सबब नाही. दोघी बोलत नाहीत हे मला ठाऊक होतं, तरी एकीला सांगून मी सुटले.”

विश्वजितनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“मेमो द्यावा लागेल तुम्हाला.”

“द्या.”

“सम्राटचा एक दिवसाचा पगार कापतोय.” ते पद्मावतीकडं न बघता म्हणाले, “तुम्ही दोनला कामावर या. नेहमीसारख्या.” मग जरा थांबून, “पावणेदोनला या. पण चेअरमनना सांगू काय? विरजण तर गेलंच. सणात दुकानांतलं दहीही सगळं खपलंय. एकोणीस वर्षांची चव गेली.”

चिमणाबाईंनी हुंदका दिला. त्या आवाजानं स्वप्नालीला एकदम एक वास आठवला. आंबटगोड, सकाळच्या स्वयंपाकघरातला. आक्का डबा भरताना म्हणाल्या होत्या, ‘दहीभात दिलाय, आणि वरनं वाटीभर दही. खा बाई काहीतरी.’ ती उठली, जवळजवळ धावत प्रयोगशाळेत गेली आणि डबा घेऊन आली. वरची वाटी उघडून तिनं चिमणाबाईंच्या पुढं धरली.

“मावशी, चाखा.”

“मला कसलं दही गोड लागतंय आता?”

“चाखा तर.”

चिमणाबाईंनी बोट बुडवलं. जिभेवर ठेवलं. त्या हलल्याच नाहीत. डोळे मिटलेले, चेहरा असा, की कुणी लांबून माहेरच्या नावानं हाक मारावी.

“हे… माजं हाय,” त्या पुटपुटल्या. “माजंच हाय की ओ हे!”

“मी बाळंतपणाला निघाले तेव्हा तुम्ही वाटीभर दिलं होतं. आक्का अजून रोज त्यातलंच घालतात. एक दिवस खंड नाही.”

सम्राटनं टोपी डोक्यावर घातली, काढली, पुन्हा घातली. “आयला,” एवढंच तो म्हणाला.

विरजणाच्या खोलीत पुन्हा वाफ भरली होती. किटली सुलटी झाली. स्वप्नालीनं फोन लावला. पलीकडून आक्का म्हणाल्या, ताप उतरलाय, पोरगी झोपलीय, तू घाईनं येऊ नको. तिनं भिंतीला पाठ टेकली. डोळे आपोआप मिटत होते आणि ती मिटू देत होती. पांढऱ्या धुक्यात दोन बायका पाठमोऱ्या उभ्या होत्या, मध्ये दोन हातांचं अंतर ठेवून. पद्मावतीनं एक नंबरच्या टाकीतलं दूध तापवून आणलं होतं. चिमणाबाई चमच्यानं वाटीतलं दही घोटत होत्या, जपून, कडेनं.

चमचा थांबला. चिमणाबाईंनी सवयीनं दाराकडं, सम्राटकडं तोंड वळवलं. तोंड उघडलं. मग मिटलं. आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा त्या शेजारी वळल्या.

“पद्मा,” त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, “दूध कोमट झालंय का बघ गं.”